कडी बाहेरच्या बाजूला

मी एक दरवाजा बोलतोय. दरवाजे बोलत नाहीत, कुरकुरतात, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण जन्मभर कुरकुर केली, की तिचीच हळूहळू भाषा होते.

माझा सध्याचा मुक्काम करंजाड्यात, 'गंगाई' नावाच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. हॉल आणि मागची खोली यांच्यामध्ये मी उभा असतो. या घरातले बाकीचे दरवाजे गुळगुळीत, हलके, एका बोटाने मिटणारे. त्यांच्यात मी म्हणजे लग्नाच्या फोटोत चुकून उभा राहिलेला म्हातारा हवालदार. जाड सागवान, जागोजागी पोचे, आणि हॉलच्या बाजूला पितळेची हातभर कडी. पाहुणे विचारतात, "हे कुठून आणलं?" घरमालक दयाराम पूर्वी खुशीत सांगायचा, "बोटीचा हाय. विलायतेच्या." हल्ली तो विषय बदलतो.

का बदलतो, तेच सांगायचं आहे. पण त्यासाठी आधी बोटीवर जावं लागेल.

ब्रह्मदेशाच्या जंगलातला मी साग. हत्तींनी ओढला, नदीने वाहिला आणि स्कॉटलंडच्या एका गोदीत सुतारांनी तासला. तिथे 'कॉर्विनिया' नावाची मोठी आगबोट बांधली जात होती. युरोपातली माणसं उचलून अटलांटिकपलीकडे नेऊन सोडायची, हा तिचा धंदा. वरच्या मजल्यांवर पियानो, गालिचे आणि कंटाळलेली श्रीमंत माणसं. खाली तिसरा वर्ग. तिथे पोलंडचे, इटलीचे, आयर्लंडचे लोक, गावाला कायमचा रामराम ठोकून निघालेले. कुणी रुमालात शेतातली माती बांधलेली, कुणी पिसांच्या उशा काखोटीला मारलेल्या. अमेरिकेत उशा मिळतात की नाही, याची चौकशी कुणी केली नव्हती.

या दोन जगांच्या मध्ये मी. कडी वरच्यांच्या बाजूला. खालच्यांच्या बाजूला नुसतं लाकूड. अमेरिकेच्या आरोग्यखात्याचा तसा नियम आहे, असं बोटीवर सांगत. रोग फक्त खालून वर चढतो, वरून खाली उतरत नाही, अशी तेव्हाच्या वैद्यांची पक्की समजूत असावी.

खालची माणसं मला टेकून बसत. बसल्या बसल्या चाकूने काहीतरी कोरत. नाव, गावाचं पहिलं अक्षर, क्रूस, एकाने तर बदक. त्या सगळ्या रेघा माझ्या पाठीवर अजून आहेत.

एक सकाळ मी विसरलो नाही. आयर्लंडचा शेवटचा किनारा मागे पडत होता. खालच्यांचा उघडा डेक लाटांमुळे बंद केला होता, आणि किनारा दिसायचा तो फक्त वरून. टोपी घातलेला एक म्हातारा माझ्यापाशी आला आणि बोटांच्या पेरांनी टकटक करू लागला. जोरात नाही. शेजाऱ्याकडे विरजण मागायला आल्यासारखी. त्याला वर राहायचं नव्हतं, पियानो ऐकायचा नव्हता. गाव दिसेनासं होईपर्यंत बघायचं होतं, एवढंच. दुसऱ्या बाजूला एक तरुण कामगार उभा होता, कडीवर हात ठेवून. त्याला सगळं ऐकू येत होतं. किनारा पुरता बुडेपर्यंत तो तसाच उभा राहिला, आणि मग त्याने कडी काढली. आता उघडायला हरकत नव्हती. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्या दिवशी मला कळलं, की कडी लावणारी माणसं दोन जातींची. एक लावतात आणि चालू पडतात. दुसरी लावतात, पण हात तिथेच ठेवून उभी राहतात. पितळेला तळहाताचा घाम लागतो. पहिल्या जातीचा मला राग येई. दुसऱ्या जातीचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

पुढे लढाई झाली, बोटीने सैनिक नेले. लढाई संपल्यावर घरं गमावलेली माणसं कॅनडाला नेली. मग विमानं आली. जे अंतर तोडायला आम्हाला आठवडा लागे, ते लोक एका झोपेत तोडू लागले. 'कॉर्विनिया' म्हातारी झाली, हातोहात विकली गेली आणि शेवटी मुंबईत दारूखान्याच्या चिखलात येऊन बसली. तिथे बोटी फोडतात. फोडणाऱ्यांत बळीराम नावाचा एक तरुण होता, खाडीपलीकडचा, उलव्याजवळच्या तारपाड्याचा. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि घराला दरवाजा नव्हता. त्याने मुकादमाकडून मला मागून घेतलं आणि मचव्यात आडवं टाकून खाडी ओलांडली. अटलांटिकला पुरून उरलेला मी उलव्याच्या चिखलात रुतलो, आणि मला चौघांनी हसत हसत ओढून काढलं.

बसवताना बळीरामने एक घोळ घातला. पितळ रस्त्यावरून दिसलं पाहिजे, नाहीतर बोटीचा दरवाजा आणल्याचा उपयोग काय, म्हणून त्याने मला कडी बाहेर करून बसवलं. त्यामुळे तारपाड्यातलं ते एकच घर असं झालं, की जे बाहेरून कुणालाही बंद करता येई आणि आतून घरवाल्यांनाही करता येत नसे. रात्री तो मागे पाटा टेकवून ठेवी. गाव महिनाभर हसलं.

"अरे बळी, चोर तुना कोंडून जाईल."

"जाऊं दे. नेयाला काय हाय? कोंडून तरी जाईल."

त्याची बायको गंगाबाई मात्र हसली नाही. तिने माझ्या पाठीवरच्या रेघा बघितल्या, बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्या कसल्या?"

"परदेशी नक्षी हाय," बळीराम म्हणाला.

"नक्षी नाय. कोन तरी वाट बघत बसलेला."

मला इतकं बरोबर आजवर कुणी वाचलेलं नाही, आणि गंगाबाईला वाचता येत नाही.

त्या घरात मी खरा सुखात होतो, कारण मला मिटायचं कामच नव्हतं. घरात माणसं असताना दिवसा दार लावायचं नाही, अशी त्या पाड्याची रीत. लावलेलं दिसलं, की येणारा जाणारा विचारी, "कोन गेला?" दिवसा दार मिटून माणसं आत बसतात ती फक्त सुतकात. घर रिकामं करून सगळे शेतावर किंवा मिठागरावर निघाले, तर शेवटी बाहेर पडणारा कडी सरकवी, कोंबड्या आत जाऊ नयेत म्हणून. शेवटी बाहेर पडणारी बहुधा गंगाबाईच असे. दयाराम आणि मालू ही तिची दोन पोरं पुढे धावत, आणि ती न बघता, मागच्या मागे हात टाकून कडी सरकवी. आणि तिन्हीसांजेला, कुठेही असली तरी परत येई, मला सताड उघडी, उंबरा पुशी, माझ्या अंगावर हळदीकुंकवाचं बोट लावी आणि दिवा लावी. लक्ष्मी येते ती त्या वेळी. तिला टकटक करायला लावायचं नसतं.

बळीराम गेला. पोरं मोठी झाली. मालू उरणला दिली. मग एके दिवशी कळलं, की तारपाड्यावर विमानतळ होणार. मला हसावं की रडावं कळेना. ज्या विमानांनी माझी बोट भंगारात घातली, ती हुडकत हुडकत माझ्या उंबऱ्यापर्यंत आली होती.

गाव उठलं, आणि मोबदल्यात दयारामला करंजाड्यात भूखंड मिळाला. त्यावर इमारत उभी राहिली. तिला त्याने आईचं नाव दिलं, गेटावर सोनेरी अक्षरांत. रेती-खडी पुरवण्याचा धंदा काढला, डंपर घेतले. मला मात्र पार्किंगमध्ये भिंतीला टेकवून ठेवलं. "बोटीचा हाय, फेकायचा नाय," असं तो म्हणे. फेकला नाही. माझ्यावर लोक ओल्या छत्र्या वाळत घालत.

गंगाबाईला फ्लॅट मानवला नाही. म्हणजे तिने तक्रार केली नाही, पण ती उठून चालू पडू लागली. एकदा उलव्याच्या रस्त्यावर विमानतळाच्या कुंपणाच्या भिंतीशी सापडली. आमच्या ओट्यासमोरची चिंच कुठे आहे, असं पहारेकऱ्याला विचारत होती. दुसऱ्यांदा सापडली ती भर रस्त्यात, दोन्ही बाजूंनी डंपर धूळ उडवत चाललेले. त्यातला एक दयारामचाच होता. ड्रायव्हरने ओळखून ब्रेक मारला. त्या रात्री दयाराम जेवला नाही, हे खरं आहे, आणि ते मी सांगितलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी त्याने सुतार बोलावला. मागच्या खोलीची चौकट रुंद केली आणि मला पार्किंगमधून वर आणलं. शेजाऱ्यांना सांगितलं, "आयला आपला जुना दरवाजा पाहिजे होता." शेजारी म्हणाले, मुलगा असावा तर असा. सुताराने विचारलं, "कडी कुठल्या बाजूला ठेवू?"

"होती तशीच. भायेर," दयाराम म्हणाला. हे बोलताना तो सुताराकडे बघत नव्हता, पायाखालच्या फरशीकडे बघत होता. नवीन फरशी होती, पण इतकी बघण्यासारखी नव्हती.

मला परत बघून गंगाबाईने दोन्ही हात माझ्यावर फिरवले. कितीतरी दिवसांनी घरात तिच्या ओळखीचं कुणी आलं होतं. आणि दुसऱ्या सकाळी दयारामची बायको कीर्ती तिच्या पोळीभाजीच्या दुकानात दिवसभरासाठी गेल्यावर, स्वतः साइटवर निघताना, दयारामने मला ओढलं आणि कडी सरकवली.

सरकवली आणि उभा राहिला. हात तिथेच.

त्या घामाची मला ओळख पटली.

मग ते रोजचंच झालं. दुपारी तो जेवण घेऊन येई, उघडे, बसे, पुन्हा लावून जाई. आतून गंगाबाई कधी ओरडली नाही. तिन्हीसांज झाली, की पेरांनी टकटक करी. "दयाराम, उघड रे. दिवा लावाचा हाय." कधी तो वेळेवर येई. बहुतेक वेळा येत नसे.

एकदा मालू उरणहून खाडीची मासळी, निवट्या, घेऊन आली. भावाला कडी काढताना तिने पाहिलं आणि हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिली.

"दादा, कडी भायेरशी?"

"जुन्या घरान पन भायेरच व्हती."

"जुन्या घरान आय पन भायेर असायची," मालू म्हणाली.

दयाराम चिडला. "तू ने मंग तिला. ने ना उरणला. भायेर डंपर बघतेस ना किती हायेत ते?"

"बघते. तुझंच नाव हाय त्यातल्या दोघांवर. झ्याक रंगवलंय."

"मी काय हौस म्हणून करतंय?"

"नाय. हौस असती तर एवढा घाम कशाला आला असता?"

निवट्या ओट्यावर ठेवून ती आईपाशी जाऊन बसली. जाताना भावाशी बोलली नाही. सासूच्या दुखण्यापायी तिला आईला नेणं शक्य नव्हतं. ते तिलाही ठाऊक होतं, त्यालाही. त्यामुळे भांडण मिटायला जागाच नव्हती.

आणि मग ती दुपार आली.

कीर्ती भाचीच्या हळदीला उरणला गेली होती. आमच्याकडच्या हळदी लग्नापेक्षा मोठ्या असतात, ती रात्रीशिवाय परतणार नव्हती. दयाराम जेवण घेऊन आला. आईला भरवलं. पंखा कुरकुरत होता, म्हणून स्टुलावर चढून बघू लागला. फोन हॉलमध्ये टेबलावर. गंगाबाई उठली, पदर सारखा केला आणि खोलीबाहेर पडली. बाहेर पडताना मला मागे ओढलं आणि न बघता, मागच्या मागे हात टाकून कडी सरकवली. कोंबड्या आत जाऊ नयेत म्हणून.

हात ठेवून ती उभी राहिली नाही. लावली आणि चालू पडली. पहिल्या जातीबद्दलचं माझं मत त्या दिवसापासून बदललं आहे. सवयीने लावलेल्या कडीला घाम येत नाही.

"आय," दयाराम स्टुलावरून म्हणाला. मग उतरून, "आय, उघड. मी आत हाय." गंगाबाईला कमी ऐकू येतं. फ्लॅटचा बाहेरचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

त्याने आधी मला ढकललं. मग खांदा दिला. बोटीच्या दरवाजाला खांदा देऊन उपयोग नसतो, वादळं मला हलवू शकली नव्हती. खिडकीला जाळी, समोर नवी इमारत चढत होती, काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता. त्याने हाका मारल्या, त्या मिक्सरमध्ये गेल्या. हॉलमध्ये फोन वाजत राहिला. बहुतेक ड्रायव्हरचा असावा, रेती कुठे टाकू विचारायला. पण जसजसा फोन वाजायचा, तसतसा दयाराम पांढरा पडत गेला. त्याला दिसत होता तो उलव्याचा रस्ता, आणि दोन्ही बाजूंचे डंपर.

वरून विमान गेलं. त्याने मुठी मारल्या. मग दमला आणि पेरांनी टकटक करू लागला. हळू. विरजण मागायला आल्यासारखी.

शेवटी तो जमिनीवर बसला, माझ्याकडे तोंड करून. आणि मला या खोलीला बसवल्यापासून त्याने माझी ही बाजू पहिल्यांदा पाहिली. तो खोलीत असे तेव्हा मी भिंतीला लागून उघडा असे, आणि मी मिटलेला असे तेव्हा तो बाहेर असे. वर चाकूच्या जुन्या रेघा होत्या, नावं, क्रूस, बदक. आणि खाली, बसलेल्या बाईचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर, हळदीकुंकवाची बोटं. एकाखाली एक, एकाशेजारी एक. काही सुकून तपकिरी झालेली, काही कालची. ज्या ज्या तिन्हीसांजेला तो वेळेवर आला नव्हता, त्या त्या तिन्हीसांजेला तिने आतून माझी पूजा केली होती. दार मिटलेलं का असेना, तिने आपल्याकडचं काम चुकवलं नव्हतं.

दयारामने एका ठिपक्यावर बोट ठेवलं. कुंकू बोटाला लागलं. ते कुठे पुसावं, हे त्याला कळेना. ती बोटं मोजायचा प्रयत्न त्याने केला नाही. मोजायची हिंमत नव्हती, असं मला वाटतं.

खोलीत उजेड कमी होत गेला. मिक्सर थांबला. आणि कडी सरकली.

गंगाबाई दारात उभी होती. केस विस्कटलेले नव्हते, पायाला धूळ नव्हती. तिने मुलाला जमिनीवर बसलेला पाहिला, मला पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम उतरला.

"तू आत, आन दार लावलेला," ती म्हणाली. "कोन गेला, दयाराम?"

दयारामने कुंकू लागलेलं बोट मुठीत लपवलं.

"सांग ना. कोन गेला?"

"कोन नाय, आय. कोन नाय गेला." तो उठला. "तू कुठं होतीस?"

"खाली. गेटाजवल. त्या वाचमनने खुर्ची दिली. माणसा बघीत बसलेली." ती आत येऊन दिवा शोधू लागली. "वर किती दीस माणसा बघलीच नाय मी."

ती कुठेच गेली नव्हती. तिच्याच नावाच्या सोनेरी पाटीखाली दुपारभर बसली होती. तारपाड्यात ती ओट्यावर बसायची, तशी. आता वाटतं, कुंपणाच्या भिंतीपर्यंतही ती एखादा ओटा शोधतच गेली असेल.

तिने दिवा लावला, मला सताड उघडलं आणि हळदीकुंकवाचं बोट लावलं. या वेळी हॉलच्या बाजूने.

त्याच संध्याकाळी दयाराम स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्या कडीला भिडला. स्कॉटलंडचे स्क्रू, शंभरेक वर्षं मुरलेले. बाकीचे निघाले, एक काही निघेना. त्याची खाचच झिजली. कडी त्या एका स्क्रूवर उलटी लोंबत राहिली, कशातच न अडकणारी. त्याने मालूला फोन केला.

"काढली," तो म्हणाला. मग म्हणाला, "म्हंजे, लोंबते हाय. एक स्क्रू निघत नाय. उद्या सुतार आणतो."



"नको आणू," मालू म्हणाली. "लोंबू दे. तुना दिसली पाहिजे."

म्हणून ती अजून लोंबते आहे. पाहुण्यांना ती विचित्र दिसते, आणि दयाराम विषय बदलतो.

गंगाबाई आता रोज दुपारी खाली जाते. गेटाजवळ दोन खुर्च्या असतात. दुसरीवर दयाराम बसतो, फोनवर रेतीचं बोलत, एक डोळा रस्त्यावर ठेवून. रविवारी तो तिला गाडीतून कुंपणाच्या भिंतीपाशी नेतो. "चिंच कुठं होती?" ती विचारते. तो हाताने कुठेतरी दाखवतो. परत आल्यावर ती मला हळूच सांगते, "खोटं बोलतो. पन दाखवतो तरी."

ती त्याला त्या कडीबद्दल एक शब्द बोललेली नाही. तिला बहुधा आठवतही नाही. तो वाट बघतो, की कधीतरी ती रागावेल, म्हणजे एकदाचं फिटेल. ती रागावत नाही. येता-जाता त्याचा हात कडीच्या जागी जातो आणि थांबतो. घाम अजून येतो. लोंबत्या कडीला कसला घाम, पण येतो.

माझी विनवणी एवढीच. तुमच्याही घरात कुणाच्या तरी भल्यासाठी मिटलेला एखादा दरवाजा असेल. भल्यासाठीच असेल, शंका नाही. बोटीवरही नियम भल्याचाच होता. एकदा आत जाऊन, तो दरवाजा मिटून, त्याच्याकडे तोंड करून बसून बघा. तिकडच्या बाजूला काय आहे, ते बाहेरून दिसत नाही.

आता निरोप द्या. तिन्हीसांज झाली. गंगाबाई जिना चढते आहे, मागून दयारामची पावलं वाजतायत, आणि मला उघडं राहायचं आहे.